गंजाला हात लावू नका
वाचकांचे प्रश्न : जुन्या जपानी तलवारी आणि त्यांचा साज

गेल्या दोन अंकांत जपानी तलवारींवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं जपानात राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत, म्हणून नियम आणि किमतीही तिथल्याच दिल्या आहेत. ज्यांनी आधीचे लेख वाचले नाहीत त्यांच्यासाठी : मी १९ वर्षं ओकायामात राहते, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते, आणि इथल्या तलवारप्रेमींच्या एका छोट्या मंडळाची सभासद आहे. माझ्याकडे २ तलवारी आणि ३१ त्सुबा आहेत. त्सुबा म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली, हाताचं रक्षण करणारी चकती.

प्रश्न : ताई, माझी पत्नी जपानी आहे. तिचे आजोबा वारले, त्यांचं ह्योगोमधलं जुनं घर रिकामं करताना भिंतीतल्या कपाटात, गाद्यांच्या मागे, कापडी पिशवीत तलवार सापडली. म्यानातून अर्धीच बाहेर येते, पात्यावर तांबूस डाग आहेत. कागदपत्र काहीच नाही. पोलिसांना कळलं तर काय होईल या विचाराने सासऱ्यांची झोप उडाली आहे. मी सँडपेपर आणि तेल आणून ठेवलंय. आधी साफ करू की आधी पोलिसांकडे जाऊ? — एक वाचक, साइतामा

सँडपेपर आजच्या आज घराबाहेर काढा. तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला उत्तर धाडलं ते याच एका वाक्यासाठी. बाकीचं सावकाश सांगते.

सासऱ्यांना धीर द्या. जपानात जुनं घर आवरताना तलवार सापडणं इतकं नेहमीचं आहे की पोलिसांकडे त्यासाठी ठरलेली पद्धत असते. पण त्याआधी घरातले कागद नीट शोधा. बुद्धाच्या देव्हाऱ्याचे खण, किमोनोचं कपाट, पासबुकांची पेटी, सगळं. शोधायचा तो 'तोरोकुशो', म्हणजे पात्याचं नोंदणीपत्र. त्यावर प्रीफेक्चरच्या, म्हणजे तिथल्या राज्यासारख्या विभागाच्या, शिक्षण मंडळाचं नाव, क्रमांक, तारीख, पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोकं किती आणि सही काय आहे, एवढं लिहिलेलं असतं. त्यावर शोवा २६, म्हणजे १९५१ ही तारीख दिसली तर मला जरूर कळवा. त्या साली जुन्या सरदार घराण्यांच्या तलवारी आधी नोंदवून घेतल्या गेल्या, म्हणून संग्राहक त्या नोंदींना 'दाइम्यो नोंदणी' म्हणतात. कागद सापडला तर पोलिसांकडे जायचं कारणच उरत नाही. ज्या प्रीफेक्चरने तो दिला त्याच प्रीफेक्चरच्या शिक्षण मंडळाला मालक बदलल्याचं २० दिवसांच्या आत कळवायचं. वेळ टळून गेली असेल तरी कळवा.

कागद नाहीच मिळाला तर तलवार आहे तिथेच राहू द्या. उचलून साइतामाला आणू नका. ह्योगोतल्या त्या भागाच्या पोलीस ठाण्याला फोन करा, ते बोलावतील त्या दिवशी सासऱ्यांनी ती कापडात गुंडाळून न्यायची. सापडल्याची नोंद होऊन दाखला मिळतो. तो दाखला आणि तलवार घेऊन प्रीफेक्चरच्या तपासणीच्या दिवशी जायचं. शुल्क ६,३०० येन. पातं पारंपरिक पद्धतीने घडवलेलं आहे असं जाणकारांना दिसलं की तोरोकुशो मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यात काढलेल्या फौजी पात्यांची नोंद होत नाही, ती जमा करावी लागतात. पण वरची मूठ आणि म्यान फौजी दिसलं म्हणून आशा सोडू नका. कितीतरी अधिकाऱ्यांनी घरातलं वडिलोपार्जित पातं फौजी साजात बसवून नेलं होतं.

म्यानात अडकलेलं पातं हिसके देऊन ओढू नका, हात कापेल आणि धारही जाईल. म्यान बनवणारे कारागीर अजून आहेत. म्यानाचे दोन अर्धे शिजलेल्या भाताच्या खळीने चिकटवलेले असतात. पुढे कधी उघडायची वेळ आली तर उघडता यावेत म्हणूनच ती खळ, पक्का सरस नाही. ते काम त्यांना करू द्या.

आता गंजाकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलाय. पात्यावरचा तांबूस गंज हा रोग आहे, त्याला वैद्य लागतो. पण पात्याचा जो भाग मुठीच्या आत लपलेला असतो, नाकागो, त्यावरचा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला आहे. लोहार नाकागोला कानशीने शेवटचा हात देतो, छिन्नीने सही कोरतो आणि तो तसाच सोडतो. त्याला जिल्हई करत नाहीत. पुढे शतकानुशतकं त्याच्यावर गंज बसत जातो. चारशे-पाचशे वर्षांचा गंज पिढ्यान्‌पिढ्या भाकऱ्या भाजलेल्या तव्याच्या पाठीसारखा दिसतो. काळा, दाट, बोट फिरवलं तर बोटाला काहीही न लागणारा. दीड-दोनशे वर्षांचा असेल तर तपकिरीकडे झुकतो आणि कानशीच्या रेघा अजून कडक दिसतात. १९४० च्या सुमाराच्या पात्याचं लोखंड मधूनमधून करडंच असतं. वय ठरवताना जाणकारांची नजर पहिली इथे जाते.

आमच्या मंडळात एकदा एक गृहस्थ वाकिझाशी, म्हणजे दोन तलवारींच्या जोडीतली आखूड तलवार, घेऊन आले. नातवाने आजोबांना आनंद व्हावा म्हणून तारेच्या ब्रशने नाकागो स्टीलच्या भांड्यासारखा लख्ख केला होता. सही जागेवर होती, अक्षरं सुरेख होती, आणि ती खरी की खोटी हे खोलीतल्या बारा माणसांपैकी एकालाही सांगता येईना. ती पुन्हा कापडात गुंडाळताना त्या गृहस्थांनी गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली, ते मला अजून दिसतं.

म्हणून तुमच्या हातात सध्या एकच काम आहे : पातं बाहेर निघेल तेवढ्या भागाला मऊ कापसाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे तांबूस गंज पुढे सरकणार नाही. घासू नका. नोंदणी झाली की एखाद्या तोगिशीला, म्हणजे पात्याला ओप देणाऱ्या कारागिराला दाखवा. पूर्ण काम अनेक लाख येनांचं होतं आणि पुष्कळदा पात्याच्या किमतीपेक्षा जास्त. त्याला सांगा की आधी 'खिडकी' उघडून दाखवा. तो दोन-तीन बोटं जागा ओपून देतो, तेवढ्यात पोलाद कसं आहे ते कळतं आणि पुढचा निर्णय घेता येतो.

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे, तोक्योत नोकरी करतो. संग्रह सुरू करण्यासाठी दीड लाख येन बाजूला काढलेत. या पैशांत तलवार घ्यावी का? मित्र म्हणतो की त्सुबा म्हणजे नुसता सुटा भाग, त्यात काय आहे?

दीड लाखात तलवार मिळते, पण ती बहुधा थकलेली, सही नसलेली वाकिझाशी असेल. तेवढ्याच पैशांत प्रमाणपत्रासह एक चांगली लोखंडी त्सुबा मिळते. मी तुमच्या जागी असते तर त्सुबाच घेतली असती. तिला तोरोकुशो लागत नाही, सरकारी नोंद नाही, आणि तळहातावर ठेवून रोज बघता येते. मित्राला सांगा की हे सुटे भाग करणारे कारागीर आपापल्या घराण्यांच्या नावाने ओळखले जात. गोतो युजो १५व्या शतकातला, त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या शोगुनांसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांसाठी, काम केलं.

शोगुनांची सत्ता गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारने १८७६ मध्ये तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि या कारागिरांचं गिऱ्हाईक संपलं. त्या पिढीतला कानो नात्सुओ हा माझा सर्वांत आवडता. नव्या सरकारच्या नाण्यांचे ठसे त्याने कोरले, पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत प्राध्यापक झाला. मुठीच्या साजावर मोराचं पीस कोरणारा हात नाण्यावर ड्रॅगन कोरू लागला. त्याची कामं बघायला मिळाली तर रजा टाकून जा.

बाजारात ओतीव लोखंडाच्या त्सुबा ढिगाने आहेत, पर्यटकांसाठी केलेल्या. ओळखायच्या कशा? जाळीकाम असेल तर भोकांच्या आतल्या भिंती बघा. हाताने कापलेल्या भिंतीवर कानशीच्या रेघा असतात आणि कोपरे नेमके असतात. ओतीव असेल तर कोपरे विरघळल्यासारखे गोल, भिंतीवर बारीक पुरळ, कधी साच्याच्या जोडाची शीर. मग मधलं भोक बघा, ज्यातून नाकागो जातो. खरोखर वापरलेल्या त्सुबाच्या भोकाच्या वर-खाली तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवलेले असतात, कारण दुसऱ्या पात्यावर बसवताना ती सैल झाली होती. भोकाभोवती छिन्नीचे ठोके असतात. या खुणा सुंदर नाहीत, पण त्या खऱ्या वापराच्या आहेत. मला त्या नक्षीइतक्याच आवडतात.

आणि आता माझी चूक ऐका, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मी क्योतोला तोजी मंदिराच्या २१ तारखेच्या बाजारात पहिली त्सुबा घेतली, ८,००० येनांना. उडणाऱ्या रानहंसांची जाळी, सगळीकडे लाल गंज. घरी आणली आणि गंज काढायच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी लाल गंज गेला होता, पण त्याखालचा काळा थरही गेला होता. हातात राहिला राखाडी पत्रा, जणू काल कापलेला. लोखंडी त्सुबाचा काळा-तपकिरी रंग हा रंग नसतोच, तोही मुद्दाम आणलेला आणि शतकभर कापडाने पुसून पुसून मुरवलेला गंजच असतो. हिगोच्या, म्हणजे आजच्या कुमामोतोच्या त्सुबांचा रंग योकानसारखा असतो असं इथले लोक म्हणतात. योकान म्हणजे अझुकी या लाल कडधान्याची घट्ट, चकचकीत वडी. लोखंडात तसं खोल काळं-तांबडं दिसतं. मी तो थर एका रात्रीत धुऊन टाकला.

मंडळातल्या एका वडीलधाऱ्या सभासदांना ती दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी मला करंगळीएवढा हरणाच्या शिंगाचा तुकडा आणून दिला, टोक चपटं केलेला. लाल गंज याने खरवडायचा. शिंग लाल गंजापेक्षा कठीण असतं, पण खालच्या काळ्या थराला ओरखडा काढण्याइतकं नाही. दुसरी त्सुबा मी त्याने साफ केली. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, शिंगाचं टोक एका ठिपक्यावर, मग सुती कापड. अडीच महिने लागले. एके दिवशी कडेवर बारीक चकाकणाऱ्या गाठी दिसू लागल्या, लोखंड घडवताना राहिलेल्या. त्यांना 'तेक्कोत्सु' म्हणतात, लोखंडाची हाडं. द्रावणात त्या कदाचित गेल्याही असत्या. ती राखाडी त्सुबा मी विकली नाही आणि विकणारही नाही.

लोखंड सोडून शाकुदोच्या वस्तू घ्याल तेव्हा आणखी जपा. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण ३ ते ५ टक्के. विशिष्ट द्रावणात उकळल्यावर त्यावर निळसर-जांभळी झाक असलेला काळा रंग चढतो. जपानी माणसं त्याला कावळ्याच्या ओल्या पंखाचा रंग म्हणतात. हा रंग नुसता वरचा पापुद्रा असतो. पितळेची भांडी घासायची पेस्ट एकदा लावली की खालचं तांबं वर येतं. तेच शिबुइचीचं. हे नाव म्हणजे 'चारातला एक', तांब्याला चौथा हिस्सा चांदी.

शरद ऋतूत तोक्योत शिंबाशीच्या तोक्यो बिजुत्सु क्लबमध्ये तलवार व्यापाऱ्यांचा मोठा बाजार भरतो, 'दाइ तोकेन इची'. तिथे आधी एक वर्ष काहीही न घेता फिरा. व्यापारी हातात देतात. दोनशे त्सुबा हातात घेतल्यावर ओतीव त्सुबा तुमच्या बोटांनाच कळेल.

प्रश्न : ओळखीतल्या एकांकडे कोतेत्सूची सही असलेली वाकिझाशी आहे. ४ लाख येन सांगतात. तोरोकुशोवरही कोतेत्सू असंच लिहिलंय, म्हणजे सरकारनेच खरी मानली ना? — नागोया

नाही. ही गैरसमजूत मला दर महिन्याला कुठेतरी भेटते, म्हणून ठळक सांगते. तोरोकुशो फक्त एवढंच सांगतो की या मापाचं, या अक्षरांचं पातं नोंदलेलं आहे. ती अक्षरं खुद्द लोहाराने कोरली की दीडशे वर्षांनी कुणी लबाडाने, याबद्दल तो काही म्हणत नाही. नोंदणी म्हणजे पारख नव्हे.

नागासोने कोतेत्सू १७व्या शतकातला. आधी चिलखतं बनवायचा, पन्नाशीच्या आसपास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन तलवारी करू लागला आणि हयातीतच इतका गाजला की तेव्हापासून त्याच्या नावाने खोट्या सह्या पडताहेत. जपानीत म्हणच आहे की कोतेत्सू दिसली की खोटी समजा. खरी कोतेत्सू ४ लाखांत कुणी देणार नाही. मासामुने या जुन्या, विख्यात लोहाराचंही तसंच. त्याच्या मानल्या जाणाऱ्या पात्यांपैकी सही असलेली फारच थोडी, त्यामुळे ठसठशीत 'मासामुने' कोरलेलं दिसलं की मी हात जोडून पुढे जाते.

पारख हवी तर ती निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेची. १९४८ पासून ती तोक्योत आहे, तिचं संग्रहालय आता र्‍योगोकुला आहे. तिथे होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्यांची प्रमाणपत्रं मिळतात. सही खोटी ठरली तर प्रमाणपत्र देत नाहीत. सध्याच्या पायऱ्या १९८२ पासूनच्या. त्याआधीचं रंगीत कागदावरचं प्रमाणपत्र कुणी पुढे केलं तर म्हणावं, पुन्हा पाठवा, निकाल आला की बोलू.

अक्षरांकडे स्वतः बघायची सवय मात्र लावा. जुन्या सहीच्या खाचेच्या तळाशीही तोच जुना गंज असतो जो बाजूला आहे. नंतर कोरलेल्या सहीची खाच गंज फोडून गेलेली असते, कडा उसवल्यासारख्या दिसतात. आमच्या ओकायामाकडचं, म्हणजे जुन्या बिझेन प्रांतातलं उदाहरण देते. ओसाफुनेचा सुकेसादा हे एका माणसाचं नाव नाही. १६व्या शतकात या नावाने डझनावारी लोहार काम करत होते. लढायांसाठी घाऊक काढलेल्या पात्यांवर 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढंच असतं. खास मागणीवरून केलेल्यावर 'बिझेन नो कुनी जू', म्हणजे 'बिझेन प्रांतात राहणारा', अशी लांब सुरुवात आणि सुकेसादाच्या आधी लोहाराचं स्वतःचं नाव, जसं योसोझाएमोन नो जो. दोन्ही सह्या खऱ्या, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मागच्या बाजूला तारीख असली तर महिना बहुतेक दुसरा किंवा आठवाच असतो. वर्षभर काम चाले, पण कोरायचे महिने हे दोनच, अशी रीतच होती.

तुमची वाकिझाशी वाईटच असेल असं मी म्हणत नाही. खोट्या सहीखालीही एखादं देखणं पातं निघतं. त्याची किंमत ते पातं बघून ठरवा, त्या अक्षरांवर एक येनही देऊ नका. आणि घेतल्यावर सही खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. प्रमाणपत्रासाठी काही जण तसं करतात, मला ते पटत नाही. नाकागोवर एकदा कानस चालली की गेलेला गंज परत येत नाही.

प्रश्न : देखभालीच्या पेटीत पांढऱ्या पुडीचा गोळा मिळाला. रोज वापरायचा का?

तो उचिको. ओप देण्याच्या दगडाची ती भुकटी असते, म्हणजे प्रत्येक थापीला पात्यावर सूक्ष्म घासणी होते. नव्याने ओप दिलेल्या पात्याला लावूच नका. जुनं तेल मऊ, स्वच्छ कागदाने किंवा कापडाने पुसा आणि चोजी तेलाचा नवा थर द्या, इतका पातळ की दिसू नये. चोजी म्हणजे लवंग, बाटली उघडताच वास ओळखाल. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जरूर बघा, एरवी दोन-तीन महिन्यांनी पुरे. बोलताना तोंडासमोर पातं धरू नका, थुंकीचा एक कण गंजाला पुरतो.

प्रश्न : घोडीवर ठेवताना धार वर की खाली?

कतानाची वर, ताचीची खाली. कमरेला जशी लावत तशीच : कताना पट्ट्यात खोवत, त्याआधीची ताची पट्ट्याला लटकवत.

प्रश्न : आम्ही कायमचे जपान सोडतो आहोत. तलवार बरोबर नेता येईल का?

येईल. सांस्कृतिक व्यवहार खात्याकडे, म्हणजे बुंकाचोकडे निर्यातीच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा. राष्ट्रीय ठेवा आणि महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित वस्तू बाहेर नेता येत नाहीत, बाकीच्यांना दाखला मिळतो आणि तोरोकुशो परत करावा लागतो. विमानाच्या तिकिटाच्या आधी हे काम काढा, आठवडे जातात. जिथे जाणार त्या देशाचे नियम वेगळे विचारून घ्या. आणि लाकडी म्यानातलं पातं आणि त्याचा साज वेगवेगळ्या खोक्यात नेलात तरी दोन्हीवर एकच खूण करा. जोड तुटलेला साज पुढच्या माणसाला नुसता साजच राहतो.

प्रश्न : माझे यजमान तुमचे लेख वाचून दर रविवारी तलवारी बघायला जातात. मीही दोनदा गेले, काचेमागे एक करडी पट्टी दिसते. मला खरंच कळत नाही, काय बघायचं असतं? — ओसाका

तुमचं पत्र मी सर्वांत शेवटी ठेवलं, कारण ते वाचून माझीच पहिली दोन वर्षं आठवली. मलाही करडी पट्टीच दिसायची.

करून बघा : काचेसमोर उभं राहून बघू नका. गुडघे वाकवा. हळूहळू खाली जात राहा, आणि वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर कुठे पडतंय ते शोधा. ते धारेच्या जरा वर आलं की थांबा. त्या झगझगीत ठिपक्याकडे न बघता त्याच्या कडेला बघा. तिथे एकदम एक पांढुरकी रेघ उजळते, तांदूळ धुतल्याच्या पाण्यासारखी धूसर. तो हामोन. पातं तापवण्याआधी लोहार त्यावर चिकणमातीचा लेप देतो, पाठीवर जाड, धारेवर पातळ, आणि लालभडक पातं पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन काचेसारखी कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. दोहोंची सीमा म्हणजे ती रेघ.

ओकायामाला या. ओसाफुनेचं तलवार संग्रहालय सेतोउची शहरात आहे. याच भागातून शतकानुशतकं जपानच्या सर्वांत जास्त तलवारी निघाल्या. तिथे 'सांचोमो' नावाची ताची आहे, १३व्या शतकातल्या इचिमोंजी या लोहार घराण्याची, एके काळी १६व्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन याच्या संग्रहातली, राष्ट्रीय ठेवा. सेतोउचीसारख्या लहान शहराने लोकवर्गणी आणि देणग्या गोळा करून २०२० मध्ये ती ५० कोटी येनांना घेतली. ती वर्षभर मांडलेली नसते, तारखा बघूनच या. तिचा हामोन म्हणजे लवंगांची रास. इथे 'चोजी'च म्हणतात त्याला. कळ्या एकमेकींवर चढलेल्या, काही जवळजवळ पाठीपर्यंत पोचलेल्या. इतका भरघोस हामोन मी दुसरा पाहिला नाही. आवारातच कारागिरांची कामाची जागा आहे, लोहार, ओप देणारे, म्यान करणारे बसलेले दिसतात.

आणि यजमानांना सांगा, एकटं फिरण्यापेक्षा एखाद्या मंडळाच्या 'कांतेइ'ला जा, तुम्हीही बरोबर जा. पाच पाती मांडलेली असतात, नाकागो झाकलेले. आपण कागदावर लोहाराचं नाव लिहून द्यायचं. परीक्षक कागदावर एक शब्द लिहून परत करतात. 'आतारी' म्हणजे नेमकं. 'दोझेन' म्हणजे त्याच घराण्यातलं, नेमक्याच्याच तोडीचं. 'इया' म्हणजे नाही. मला पहिली अकरा महिने पाचही पात्यांवर 'इया' मिळालं. बाराव्या महिन्यात एका पात्याच्या पोटात, हामोन आणि मधल्या कण्याच्या दरम्यान, धुक्याची दुसरी पट्टी दिसली. उत्सुरी म्हणतात तिला, आणि जुन्या बिझेनमध्ये ती भेटते. मी 'ओसाफुने कागेमित्सू' लिहिलं. कागद परत आला त्यावर 'दोझेन' होतं. ते पातं त्याचे वडील नागामित्सूंचं निघालं. नाकागोवरची झाकणी काढली तेव्हा मी सही बघायच्या आधी गंज बघितला, तव्याच्या पाठीसारखा काळा, आणि सातशे वर्षांत त्याला कुणी घासलं नव्हतं.